डिकीतले पाणी : आधी उगम शोधा, मगच इलाज करा

जुन्या मोटारींच्या मालकांसाठी पावसाळापूर्व आणि पावसाळ्यातील मार्गदर्शन

मृगाची पहिली दमदार सर येऊन जाते. दुसऱ्या दिवशी बाजारातून आणलेली पिशवी ठेवण्यासाठी मोटारीची डिकी उघडली, की कुबट वासाचा भपकारा येतो. चटई उचलून पाहावी, तर खालचा पुठ्ठा भिजून लगदा झालेला असतो आणि स्टेपनीच्या खळग्यात ओंजळभर गढूळ पाणी साचलेले दिसते. मालक फडक्याने पाणी टिपतो, दोन डांबराच्या गोळ्या टाकतो आणि विषय विसरून जातो. पुढच्या पावसात पुन्हा तेच. जळगाव आणि धुळे शहरांत दहा-पंधरा वर्षे जुन्या मोटारी वापरणाऱ्या अनेक कुटुंबांना हा अनुभव नवा नाही.

हे दुखणे असाध्य मुळीच नाही. बहुतेक वेळा त्याचे मूळ एखाद्या फाटलेल्या रबरात, सुकलेल्या गॅस्केटमध्ये किंवा तडकलेल्या सांध्यात असते. अडचण दुरुस्तीची नसून शोधाची असते. पाणी जेथे दिसते तेथून ते आत आलेले असतेच असे नाही. त्यामुळे अंदाजाने जागोजागी सिलिकॉन फासले जाते, पैसे खर्च होतात आणि गळती कायम राहते. म्हणूनच उगम कसा शोधावा, त्यावर कोणता इलाज करावा आणि कोणते इलाज टाळावेत, याची क्रमवार माहिती येथे देत आहोत.

दुर्लक्ष का परवडत नाही?

डिकीतील पाण्याने फक्त सामान भिजते, असा समज आहे. वास्तविक खरा धोका पत्र्याला असतो. स्टेपनीचा खळगा हा डिकीतील सर्वांत खोल भाग. तेथे साचलेले पाणी चटईखाली आठवडेच्या आठवडे टिकून राहते. रंगाला एखादा ओरखडा असला, तरी तेथून गंज सुरू होतो आणि रंगाच्या आतून पसरत जातो. वरून फुगवटा दिसू लागतो तेव्हा आतला पत्रा बराच खाल्ला गेलेला असतो. दोन-चार पावसाळे असेच गेले, तर तळाला भोके पडतात.

ही भोके प्रवाशांच्या जिवाशी खेळू शकतात. बहुतेक मोटारींचा सायलेन्सर डिकीच्या खालीच संपतो. गाडी धावताना तिच्या मागच्या बाजूला हवेचा दाब कमी होतो आणि धूर तेथेच घोटाळतो. तळाला भोक असेल किंवा डिकीचे रबर फाटलेले असेल, तर हा धूर आत ओढला जातो आणि मागच्या सीटमागून बैठकीत शिरतो. त्यातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही आणि वासही नाही. काचा बंद करून एसी लावून लांबचा प्रवास करताना मागे बसलेल्यांचे डोके दुखणे, मळमळणे, विनाकारण गुंगी येणे अशी लक्षणे दिसली, तर ती केवळ ‘गाडी लागणे’ समजू नये. गाडी थांबवावी, काचा उघडून सर्वांनी मोकळ्या हवेत यावे आणि त्रास कमी होत नसेल तर डॉक्टरांकडे जावे. त्यानंतर सायलेन्सर आणि डिकीचा तळ तपासल्याशिवाय गाडी पुन्हा प्रवासाला नेऊ नये.

सीएनजी किट बसविलेल्या मोटारीत टाकी डिकीतच असते. टाकी धरून ठेवणारे पट्टे व बोल्ट ज्या पत्र्यावर आवळलेले असतात, तोच पत्रा गंजला तर पकड सैल होते. सीएनजी टाकीची दर तीन वर्षांनी दाबचाचणी करावी लागते. परंतु त्या चाचणीत टाकी तपासली जाते, खालच्या पत्र्याची अवस्था मालकालाच पाहावी लागते. टाकीमुळे तळ झाकला जात असल्याने अशा गाड्यांत गळती लक्षातही उशिरा येते.

मागच्या दिव्यांच्या वायरिंगचे सांधेही याच ओलाव्यात असतात. ब्रेक लावल्यावर इंडिकेटर मंद पेटणे, एकच दिवा वारंवार जाणे, फ्यूज उडणे यांमागे बऱ्याचदा दिव्यात शिरलेले पाणी असते. भर पावसात महामार्गावर मागचा दिवा बंद पडणे म्हणजे अपघाताला निमंत्रण होय.

शिवाय नूतनीकरणाचा प्रश्न आहेच. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते. त्यानंतर दर पाच वर्षांनी गाडीची तपासणी होऊन नोंदणीचे नूतनीकरण होते. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीसाठी हे शुल्क ६०० रुपयांवरून ५ हजार रुपये झाले, तर २०२५ मध्ये वीस वर्षांपेक्षा जुन्या मोटारीसाठी ते १० हजार रुपये करण्यात आले. पर्यावरण कर वेगळा. एवढा खर्च करून एमएच-१९ किंवा एमएच-१८ पाटीची आपली जुनी गाडी आणखी पाच वर्षे चालवायची, तर तिचा सांगाडा शाबूत असणे ही पहिली अट ठरते.

खानदेशचे ऊन आणि रबराचे आयुष्य

गळती पावसाळ्यात दिसते, पण तिची तयारी उन्हाळ्यात झालेली असते. मे महिन्यात जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणे ही नित्याची बाब आहे. उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीचा पत्रा त्याहून कितीतरी अधिक तापतो. या उष्णतेने आणि उन्हातील अतिनील किरणांनी रबराचा लवचिकपणा जातो. ते कडक होते, आक्रसते, त्याला बारीक चिरा पडतात. दाबले असता पुन्हा फुगून वर येण्याचा त्याचा गुण संपतो. डिकीचे झाकण बंद झाले तरी मग रबर त्याला घट्ट टेकत नाही.

पत्र्याच्या सांध्यांवर कारखान्यात भरलेले सीलंटही असेच सुकून तडकते. दिवसा तापणे, रात्री निवणे या चक्रात पत्रा प्रसरण-आकुंचन पावतो आणि कडक झालेले सीलंट त्याला साथ देऊ शकत नाही. त्यामुळे वर्षभर कोरडी वाटणारी गाडी पहिल्याच पावसात गळू लागते.

जुन्या गाड्यांची घडणही ध्यानात घ्यावी. ॲम्बेसेडर आणि प्रीमियर पद्मिनी या गाड्यांची मागची काच जाड रबरी चौकटीत बसविलेली असते. ते रबर सुकले, की काचेच्या खालच्या कोपऱ्यांतून पाणी उतरते. नंतरच्या काळातील बहुतेक गाड्यांत काच चिकटद्रव्याने थेट पत्र्याला जोडलेली असते. एस्टीम, ॲक्सेंट, इंडिगो यांसारख्या स्वतंत्र डिकीच्या गाड्यांत झाकणाचे रबर व मागचे दिवे ही प्रमुख संशयस्थाने ठरतात. मारुती ८००, झेन, सँट्रो, इंडिका यांसारख्या आखूड गाड्यांत मागचा उभा दरवाजा, त्याच्या वरच्या बिजागऱ्या आणि दरवाजात जाणाऱ्या वायरींची रबरी नळी यांकडे आधी पाहावे.

आधी चार प्रश्न

पाना हातात घेण्यापूर्वी पाणी नेमके केव्हा येते, याचा विचार करावा. निम्मा शोध येथेच लागतो.

गाडी उभी असताना पाऊस झाला आणि पाणी आले, तर ते वरून येते. टप, मागची काच, झाकणाचे रबर किंवा दिवे यांपैकी काहीतरी गळत असते.

उभ्या गाडीत पाणी येत नाही, मात्र ओल्या रस्त्यावरून प्रवास झाल्यावर येते, तर ते खालून येते. चाकाने उडविलेले पाणी मडगार्डच्या आतील सांध्यांतून किंवा तळाच्या निघालेल्या रबरी बुचांतून शिरते. सुरत-नागपूर महामार्गावर पावसात ट्रकच्या मागे राहून केलेल्या प्रवासानंतरच डिकी भिजत असेल, तर हाच संशय धरावा.

केवळ सर्व्हिस सेंटरवर धुतल्यानंतर पाणी येते, तर ती गळती असेलच असे नाही. जोराच्या फवाऱ्याने चांगल्या रबरातूनही पाणी आत ढकलले जाऊ शकते.

पाऊस नसतानाही ओल दिसते, तर डिकीत ठेवलेली पाण्याची कॅन पाझरत नाही ना, हे प्रथम पाहावे. मागच्या काचेला वायपर असलेल्या आखूड गाडीत फवाऱ्याची नळी निसटल्यानेही पाणी पडते. हिवाळ्यात सकाळी झाकणाच्या आतून दव धरलेले असेल, तर आत आधीचाच ओलावा अडकला आहे, असे समजावे.

आणखी एक साधी नोंद उपयोगी पडते. गाडी रोज कोणत्या उतारावर उभी असते? नाक वर करून उभ्या असलेल्या गाडीत टपावरचे सगळे पाणी मागे येते. समतल जागी न गळणारी गाडी घराच्या रॅम्पवर गळते, त्याचे कारण हेच.

पाण्याच्या वाटा

पांझरा खोऱ्यातील फड बागायतीत पाणी पाटाने नेले तेथेच जाते. मोटारीच्या पत्र्यातील पाण्याला असा पाट नसतो. दोन पत्रे एकमेकांवर ठेवून जोडलेल्या सांध्यात ते केशाकर्षणाने आडवे, प्रसंगी वरही सरकते. वायरच्या आधाराने हातभर लांब जाते आणि भलतीकडेच टपकते. त्यामुळे पुढील प्रत्येक जागा तपासली पाहिजे.

मागचे दिवे : दिवा आणि पत्रा यांमध्ये फोमचे किंवा रबराचे गॅस्केट असते. ते चपटे झाले, की पाणी आत येते आणि बाजूच्या खणातून थेट स्टेपनीकडे उतरते. जुन्या गाड्यांत ही जागा पहिल्या संशयितांत धरावी. मागे धक्का लागून दिवा बदललेला असेल, तर संशय आणखी बळावतो.

झाकणाचे रबर : ज्याला गॅरेजमध्ये बीडिंग म्हणतात ते रबर. कोपऱ्यांत ते सुटते, सामान ओढताना फाटते, कुलपाजवळ चेपते.

पन्हळ : झाकणाभोवतीच्या खोबणीतून पाणी बाहेर वाहून जाणे अपेक्षित असते. निंबाची पाने, धूळ आणि माती यांनी ती तुंबली, की पाणी रबरावरून आत ओसंडते.

मागची काच : विशेषतः खालचे दोन कोपरे. काच बदललेली असल्यास चिकटद्रव्यात पोकळी राहिलेली असू शकते.

टपावरील पट्ट्या : टपाच्या दोन्ही कडांना असलेल्या काळ्या पट्टीखालचा सांधा तडकला, तर पाणी मागच्या खांबातून खाली डिकीत उतरते. एरियल व कॅरिअर यांचे स्क्रूही पाहावेत.

नंतर मारलेली भोके : हौसेने बसविलेला स्पॉयलर, नावाची अक्षरे, नंबरप्लेटचे स्क्रू, स्पीकरच्या वायरी. कंपनीने न पाडलेले प्रत्येक भोक संशयास्पद मानावे.

हवा सोडणाऱ्या झडपा : बंपरच्या आड डिकीच्या बाजूच्या भिंतीत रबरी पडद्यांच्या झडपा असतात. आतली हवा बाहेर जावी, हे त्यांचे काम. त्यांच्या चौकटीचे सील गेले, तर चाकाचे पाणी आत येते.

तळाची बुचे : स्टेपनीच्या खळग्यातील गोल रबरी बुचे सुकून निसटतात.

शोध कसा घ्यावा?

पहिली पायरी म्हणजे डिकी पूर्ण रिकामी करणे. चटई, पुठ्ठा, स्टेपनी, जॅक, बाजूची आवरणे सर्व काढावे. तळ कोरडा पुसून उन्हात वाळवावा. ओल्या जागेवर गळतीचा माग लागत नाही.

त्यानंतर नुसत्या डोळ्यांनी पाहावे. आतील पत्र्यावर वरून खाली आलेले मळकट ओघळ, गंजाच्या तांबूस रेषा, रंग फुगलेल्या जागा या पाण्याच्या जुन्या वाटा होत. खालून वर माग काढीत जावे.

आपल्याकडील धूळ या कामी मोठी साक्षीदार ठरते. उन्हाळ्यात कच्च्या रस्त्यावरून जाऊन आल्यावर झाकण उघडून रबर पाहावे. जेथे रबर नीट टेकते तेथे पत्र्याची कड स्वच्छ राहते आणि जेथे फट असते तेथून धुळीचा पट्टा आत आलेला दिसतो. जेथून मेमध्ये धूळ येते, तेथून जूनमध्ये पाणी येणार, हे निश्चित समजावे.

रबराची पकड तपासण्यासाठी कागदाची पट्टी झाकणाखाली ठेवून झाकण बंद करावे आणि पट्टी ओढावी. अडखळत निघाली तर पकड चांगली, सहज सरकली तर तेथे फट आहे. पूर्ण परिघावर वीतभर अंतराने ही चाचणी घ्यावी. रबर जेथे टेकते त्या कडेला खडू लावून झाकण बंद करून उघडले, तरी रबरावर उमटलेल्या रेषेतील खंड लगेच दिसतो.

रात्रीच्या अंधारात डिकीत प्रखर विजेरी ठेवून झाकण लावावे व बाहेरून प्रकाशाची तिरीप दिसते का, हे पाहावे. मात्र तपासणीसाठी कोणालाही, विशेषतः लहान मुलांना, डिकीत बसवून झाकण लावू नये. जुन्या गाड्यांची डिकी सहसा आतून उघडत नाही आणि गुदमरण्याचा धोका असतो. मागच्या सीटची पाठ निघत असेल, तर माणसाने बैठकीत बसून तेथून पाहावे.

यानंतर पाण्याची चाचणी. तिचा नियम एकच : खालून वर जावे. नळीचे तोंड न दाबता संथ धार सोडावी. प्रथम बंपर व झडपांची जागा, मग एक दिवा, मग दुसरा, नंतर झाकणाची फट, काचेची खालची कड, वरची कड आणि शेवटी टप. प्रत्येक ठिकाणी किमान पाच मिनिटे धार धरावी आणि आत पाहावे. सुरुवातच टपापासून केली, तर पाणी खालच्या सर्व जागांवरून वाहते आणि कोठून शिरले ते कळत नाही. पाणीटंचाईच्या दिवसांत एक बादली आणि मग यांवरही ही चाचणी भागते.

आत पाणी दिसावे म्हणून कोरड्या पत्र्यावर टाल्कम पावडर किंवा बारीक रांगोळी भुरभुरावी. पाण्याचा थेंब ज्या वाटेने येतो, तिची रेषा त्यात स्पष्ट उमटते. तळावर जुन्या वर्तमानपत्राचे कागद अंथरून एका पावसात गाडी उभी ठेवली, तरी पहिला ओला डाग कोठे पडला हे समजते.

बारीक सांधा सापडत नसेल तर साबणाच्या फेसाची युक्ती करावी. सर्व काचा बंद करून ब्लोअर पूर्ण वेगाने, बाहेरची हवा आत घेण्याच्या स्थितीत चालू करावा. मागच्या सीटची पाठ खाली करावी. मग बाहेरून काच, दिवे व सांध्यांवर साबणाचे पाणी फवारावे. आतली हवा ज्या फटीतून बाहेर पडते, तेथे बुडबुडे उठतात. बंपरमागील झडपांतून हवा येणे मात्र स्वाभाविक आहे, त्याला गळती समजू नये.

एक गळती सापडली म्हणून शोध थांबवू नये. जुन्या गाडीत दोन-तीन ठिकाणे एकाच वेळी गळत असणे सहज शक्य आहे. सापडलेली जागा चिकटपट्टीने झाकून उर्वरित चाचणी पूर्ण करावी.

इलाज जागेप्रमाणे

दिव्यांचे गॅस्केट : बॅटरीची तार सोडवून दिव्याचे नट आतून काढावेत. जुने गॅस्केट खरवडून पत्रा स्पिरिटने पुसावा. नवीन गॅस्केट मिळत असेल तर तेच बसवावे. जुन्या मॉडेलचे मिळत नसेल, तर पाणी न शोषणाऱ्या बंद छिद्रांच्या फोमचे कापून घ्यावे किंवा सदैव मऊ राहणाऱ्या ब्युटाइलची पट्टी लावावी. गादीचा साधा स्पंज चालत नाही, तो पाणी धरून ठेवतो. नट आळीपाळीने व बेताने आवळावेत. जोर लावल्यास प्लास्टिकचा दिवा तडकतो आणि गळती दुप्पट होते.

झाकणाचे रबर : रबर केवळ मळले असेल, तर साबणाच्या पाण्याने धुऊन, वाळवून त्याला ग्लिसरीन किंवा सिलिकॉन ग्रीस लावावे. इंजिन ऑइल, साधे ग्रीस किंवा डिझेल लावू नये. दाराच्या रबरासाठी सर्रास वापरले जाणारे ईपीडीएम रबर तेलाने फुगते व लिबलिबीत होते. रबर फाटले किंवा कडक झाले असेल, तर बदलणे हाच उपाय. विकत घेताना जुन्याचा तुकडा सोबत न्यावा. मीटरवर मिळणारे रबर जाडीला किंचित कमी पडले तरी उपयोग होत नाही आणि जास्त जाड असले तर झाकण लागत नाही. पत्र्याची कड गंजली असल्यास ती साफ करून रंगवूनच नवीन रबर चढवावे. सांधा जुन्या रबराचा जेथे होता तेथेच घ्यावा, कोपऱ्यात घेऊ नये आणि रबर ताणून बसवू नये. ताणलेले रबर काही महिन्यांत आक्रसून सांध्यात फट पडते.

झाकणाची बैठक : रबर नवे असूनही कागदाची पट्टी एका बाजूला सैल निघत असेल, तर दोष झाकणाच्या बैठकीत असतो. मागून धक्का लागलेल्या गाड्यांत असे आढळते. बिजागऱ्यांचे बोल्ट आणि कुलपाचा खालचा आकडा थोडा सरकवून हे जुळविता येते.

मागची काच : रबरी चौकट असलेल्या काचेत रबर आणि काच यांच्या फटीत मऊ राहणारे काचेचे सीलंट भरून तात्पुरते भागते. रबर सुकले असेल तर ते बदलावे. चिकटविलेली काच गळत असल्यास ती कुशल कारागिराकडून काढून पुन्हा बसवून घ्यावी. वरवर लावलेला सिलिकॉनचा थर बहुधा पुढील उन्हाळ्यातच सुटतो.

पत्र्याचे सांधे : तडकलेले जुने सीलंट खरवडून, जागा कोरडी करून, प्रायमर मारून पॉलियुरेथेनचे सीम सीलर भरावे व त्यावर रंग द्यावा. येथे दोन चुका सर्रास होतात. एक म्हणजे इपॉक्सी पुटीने सांधा बुजविणे. ती दगडासारखी कडक होते आणि गाडीच्या हादऱ्यांनी तडकते. दुसरी म्हणजे व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारे स्वस्त सिलिकॉन उघड्या पत्र्यावर लावणे. सुकताना त्यातून ॲसेटिक आम्ल सुटते आणि त्याच्याखालीच गंज सुरू होतो. सिलिकॉन वापरायचेच असेल तर न्यूट्रल प्रकारचे घ्यावे. शक्य असेल तेथे लेप पाणी शिरते त्या बाहेरच्या बाजूने द्यावा. केवळ आतून बुजविल्यास पाणी सांध्यातच अडकून पत्रा कुजवते.

बुचे : निसटलेली बुचे बदलावीत. पाणी आपोआप निघून जावे म्हणून बूच कायमचे काढून ठेवण्याची प्रथा धोक्याची आहे. तेथून रस्त्याचे पाणी, धूळ आणि सायलेन्सरचा धूर आत येतो.

गंज लागला असेल तर

वरवरचा गंज तारेच्या ब्रशने व पॉलिश पेपरने पत्रा चमकेपर्यंत घासावा, गंजरोधक द्रव व प्रायमर लावून रंग द्यावा. स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने टोचून पाहावे. पत्रा आत दबला किंवा टोक आरपार गेले, तर रंगाने काम भागणार नाही. कुजलेला भाग कापून नवा पत्रा वेल्डिंगने जोडणे हाच खरा मार्ग. भोकावर फायबर किंवा पुटी थापून रंग मारणे म्हणजे दोष झाकणे होय.

वेल्डिंगच्या वेळी दक्षता घेणे अत्यावश्यक आहे. बऱ्याच गाड्यांत पेट्रोलची टाकी मागच्या सीटखाली, म्हणजे डिकीला लागूनच असते. टाकी व तिच्या नळ्या उतरविल्याशिवाय, सीएनजी टाकी अधिकृत किट केंद्रातून काढून घेतल्याशिवाय आणि बॅटरीच्या तारा सोडविल्याशिवाय तेथे ज्योत लावू देऊ नये. गॅरेज घाईत असले तरी मालकाने आग्रह धरावा. गंज मागच्या सस्पेन्शनच्या आधारांपर्यंत किंवा चॅसिसच्या दांड्यांपर्यंत पोचला असेल, तर दुरुस्तीच्या खर्चाचा अंदाज घेऊन गाडी ठेवावी की मोडीत काढावी, याचा निर्णय घेणे शहाणपणाचे ठरेल. रबर वेळीच बदलण्याचा खर्च आणि पत्रा बदलण्याचा खर्च यांतील अंतर फार मोठे आहे.

कुबट वास कसा घालवावा?

गळती बंद झाल्यावरही वास राहतो, कारण चटईखालील फेल्ट ओले असते. ते वरून कोरडे वाटले तरी आतून पाणी धरून ठेवते. ते बाहेर काढून दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवावे. फेल्ट काळे पडले किंवा कुजले असल्यास फेकून द्यावे. पत्र्यावरील बुरशी सौम्य साबणाच्या पाण्याने पुसताना नाकातोंडाला रुमाल किंवा मास्क बांधावा. घरात दम्याचा रुग्ण असेल, तर त्याला या कामापासून दूर ठेवावे. डांबराच्या गोळ्या आणि सुगंधी बाटल्या वास फक्त झाकतात. उलट त्यांच्यामुळे गळती पुन्हा सुरू झाल्याचे लवकर कळत नाही.

जुनी गाडी विकत घेताना

डिकीचा तळ हा जुन्या गाडीचा आरसा समजावा. बाहेरून चकाकणारी गाडी दाखविली जात असताना चटई उचलून स्टेपनी बाहेर काढण्यास सांगावे. खळग्यात ताजा काळा रंग मारलेला असेल, तर तो का मारला, हे विचारावे. नवी चटई आणि जुनी गाडी हे जोडपेही संशयास्पदच.

पुरात बुडालेली गाडी हे प्रकरण तर निराळेच. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी तितूर व डोंगरी नद्यांच्या पुराने चाळीसगाव शहरात पाणी शिरले होते. अशा प्रसंगी बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून पुढे बाजारात येऊ शकतात. स्टेपनीच्या खळग्यात, बाजूच्या आवरणांमागे आणि सीटच्या रुळांत बारीक गाळ, तसेच आतील बोल्टवर सगळीकडे एकाच उंचीपर्यंत गंज दिसला, तर ती साधी गळती नव्हे. पावसाची गळती वरून ओघळ सोडते, पुराचे पाणी आडवी रेषा सोडते. हा फरक लक्षात ठेवल्यास मोठी फसवणूक टळू शकते.

वर्षाचे वेळापत्रक

मेअखेर, पाऊस सुरू होण्यापूर्वी, झाकणाचे रबर, दिवे व पन्हळ तपासावी आणि बादलीची चाचणी घ्यावी. सीलंट व रंगाची कामे याच कोरड्या दिवसांत उरकावीत, ओल्या पत्र्यावर कोणतेही सीलंट धरत नाही. पहिल्या मोठ्या पावसानंतर चटई उचलून खळगा पाहावा. पावसाळाभर पंधरा दिवसांतून एकदा झाडाची पाने काढून पन्हळ मोकळी करावी. ऑक्टोबरच्या उन्हात डिकी रिकामी करून दिवसभर उघडी ठेवावी आणि गंजाची पहिली खूण दिसताच ती घासून रंगवून घ्यावी.

मारुती ८०० चे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये, तर ॲम्बेसेडरचे त्याच वर्षीच्या मे महिन्यात थांबले. तरीही या पिढीच्या गाड्या सांभाळणारी घरे खानदेशात आहेत. इंजिनाचे सुटे भाग शोधून मिळतात, मात्र एकदा कुजलेला मूळ पत्रा पुन्हा मिळत नाही. त्यामुळे येत्या पावसाळ्याआधी अर्धा तास काढून डिकीतील चटई उचलून पाहावी. तळ कोरडा असेल तर समाधान, आणि ओला असेल तर वेळ अजून हातात आहे.